एकमताने अध्यक्ष

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प तीन. रोज लिहिणे. साखर बंद. अध्यक्ष होणे.

तिसरा खरं तर संकल्प नाही, वेळापत्रक आहे. काल संध्याकाळी सोपानरावांचा फोन. पवनाकाठ विज्ञानलेखक मंडळाचे संस्थापक, पहिल्या दिवसापासून अध्यक्ष. वय ब्याऐंशी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण घरी बोलतात अजून चिंचवड गावठाणातलंच. म्हणाले, "एप्रिलच्या सभेत मी सोडतोय बाबा. आता न्हाई जमत. कुणीतरी घ्यायला पायजे."

मी अकरा वर्षं उपाध्यक्ष आहे. 'कुणीतरी' म्हणताना आवाज किंचित अडखळला. मोठ्या माणसांना तोंडावर नाव घ्यायला संकोच वाटतो.

विजयश्रीला सांगितलं. उपाध्यक्ष म्हणून तू नक्की काय करतोस, असं तिने विचारलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बायकोने मंडळात पहिल्यांदा रस घेतला. चांगली सुरुवात.

साखर उद्यापासून. आज एक तारीख, ऑफिसात पेढे असतात.

५ जानेवारी, रविवार

मासिक बैठक. वाचनालयाचा वरचा हॉल. चौतीसपैकी सव्वीस हजर. खुर्च्या, माइक, चहा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, सगळं जागच्या जागी. मी काही करत नाही आणि सगळं होतं. नेतृत्वावरच्या वेबिनारमध्ये यालाच एम्पॉवरमेंट म्हणाले होते.

करते ती सचिव, अंजली. भोसरीला पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी, वय चाळिशीचं. हॉल तीच घेते, आमचं त्रैमासिक 'विज्ञानपत्र' तीच छापून आणते, पोस्टात तीच टाकते. अशी माणसं आपोआप होत नाहीत, घडवावी लागतात.

आज घोषणा केली: २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, चाकणला कामगारांसाठी विज्ञानलेखन कार्यशाळा. कल्पना माझी. म्हणजे नोव्हेंबरात धम्मपालने मांडली होती, पण त्याला मांडता आली नव्हती. धम्मपाल आमचा सगळ्यात नवा सभासद. चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत भट्टीवर ऑपरेटर. घोषणेनंतर त्याने माझ्याकडे एकटक पाहिलं. कृतज्ञता काही लोकांना शब्दांत येत नाही.

१९ जानेवारी, रविवार. दुपार

धम्मपालचा लेख संपादनाला घेतला. अंजली म्हणाली, "सर, मी वाचलाय. एक शब्द बदलू नका." सचिवाने उपाध्यक्षाला शिकवावं! मोठ्या मनाने सोडून दिलं.

लेखाचं नाव 'लाल गिअर'. सुरुवात अशी: 'भट्टीचं दार उघडलं की आधी चेहरा भाजतो आणि मग आठवतं, आपल्याला चेहरा आहे.' फारच खाजगी. काढलं. त्याजागी 'अनादी काळापासून मानवाला धातूंचे कुतूहल वाटत आले आहे.' नाव केलं 'उष्मोपचार : एक दृष्टिक्षेप'. लगेच वजन आलं.

पुढे लिहिलंय, लालभडक गिअर तेलात बुडवून थंड करतात. तेल म्हटलं की सामान्य वाचकाला भजी आठवतात. तापलेलं लोखंड पाण्यात घालतात हे लहान पोरालाही माहीत आहे. सहा ठिकाणी तेलाचं पाणी केलं. लेखकाला आयुष्यात एकदा तरी चांगला संपादक मिळायला हवा.

साखर: चहात एक चमचा. पूर्वी दीड होती.

२ फेब्रुवारी, रविवार

बैठकीत अंक वाटला. धम्मपालने पान उघडलं आणि तसाच उभा राहिला. दोनदा वाचला असावा. चहा न घेता गेला. पहिला छापील लेख! मला माझे दिवस आठवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धम्मपालचा फोन, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. मागे ताटांचा आवाज.

"सर, तेलाचं पाणी कोणी केलं?"

म्हटलं, सुलभीकरण.

"सर, आमचा गिअर पाण्यात घातला तर तडकतो. आख्खा लॉट भंगारात जातो. भट्टीवर नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी हेच सांगतात."

लेख कुणीतरी कंपनीच्या नोटीस बोर्डावर लावलाय म्हणे. 'पाणी' या शब्दाला सहाही ठिकाणी लाल गोल. लाइनवर सगळे त्याला 'पाणीवाले लेखक' म्हणतात. नव्या ऑपरेटरांना शिकवायला ट्रेनर म्हणून त्याचं नाव जाणार होतं. काल मॅनेजरने दुसऱ्याचं नाव पाठवलं.

मी म्हटलं, लोक वाचतायत, गोल करतायत, म्हणजे लेख पोचला. तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

शुद्धिपत्रकाचा प्रश्न निकालात काढला. अंजलीचा मसुदा: 'संपादनात चूक झाली. लेखकाचा मूळ मजकूर अचूक होता. मंडळ दिलगीर आहे.' सोबत धम्मपालचा मूळ लेख, त्याच्या कंपनीत दाखवायला. हेतू चांगला, पण दूरदृष्टी नाही. मंडळाच्या संपादनावरचा विश्वास उडाला तर नुकसान चौतीस जणांचं. एका माणसाचं नुकसान एका माणसापुरतं असतं. नेत्याला हे तोलावं लागतं.

माझा मसुदा: 'लेखकाच्या नजरचुकीने तेलाऐवजी पाणी असे पडले आहे.' ग्रुपवर टाकून दिला. मूळ लेख जोडला नाही, उगाच गोंधळ.

धम्मपालचं काहीच उत्तर नाही. साधा अंगठाही नाही. समंजस माणूस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यशाळा तीन दिवसांवर आणि अंजली हॉस्पिटलमध्ये. ती नाही, तिची आई. रविवारपासून. फुप्फुसात पाणी झालंय.

तीनदा फोन केला. पहिल्यांदा बॅनरचं विचारलं. ती म्हणाली डॉक्टर आलेत. दुसऱ्यांदा माझा फोटो डावीकडे घ्यायचा एवढंच सांगायचं होतं, पण उचलला नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "सर, आईला ऑक्सिजन लावलाय. मी नंतर बोलते." नंतर म्हणजे किती वाजता, ते सांगितलं नाही. वेळेचं नियोजन हा विषय मंडळात एकदा घ्यायला हवा.

पण चार वाजता बॅनर आलं! हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर केलं म्हणाली. माणूस कामात असला की मन रमतं. माझ्यामुळे तिला तेवढाच विरंगुळा.

फोटो उजवीकडे घेतलाय. कळवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ

विज्ञान दिन! ऐतिहासिक!

चाकणचं मंगल कार्यालय. बावन्न कामगार, सगळे सेकंड शिफ्टचे, ड्यूटीवर जायच्या आधी आलेले. अंजली सकाळी हॉस्पिटलमधून आली, खुर्च्या मांडल्या, वह्या-पेनं ठेवली आणि अकराला परत गेली. पूर्ण कार्यक्रमाला थांबली नाही. मनात नोंद घेतली.

मी प्रास्ताविक केलं. ठरलं होतं दहा मिनिटं, पण समोर असे चेहरे असताना माणूस थांबत नाही. अग्नीच्या शोधापासून सुरुवात केली आणि मंडळातल्या माझ्या अकरा वर्षांपर्यंत आलो. ११.२० ते १२.५५. एकही माणूस हलला नाही.

आणि मग जे झालं ते आयुष्यभर विसरणार नाही. मी 'धन्यवाद' म्हणायच्या आधीच बावन्नच्या बावन्न जण उठून उभे राहिले. एकदम! उभं राहून मानवंदना! बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्नसुद्धा त्याच क्षणी वाजला, योगायोग.

त्यानंतर धम्मपालचं प्रत्यक्ष लेखनाचं सत्र होतं, तासाभराचं. ते राहिलं. तो दारात उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होता, "भावा, गाडीत बसल्या बसल्या लिही. तुझ्या मशीनबद्दल पाच ओळी. ती काय करते, कधी रुसते, तुला कसं कळतं. लिहून मला पाठव." वहीवर स्वतःचा नंबर लिहून देत होता.

माझा नंबर कुणी मागितला नाही. मोठ्या माणसाचा नंबर मागायला लोक बिचकतात.

२ मार्च, रविवार

मासिक बैठक. मला सांगायचं होतं बरंच, पण सगळे धम्मपालच्या मोबाइलभोवती. बावन्नपैकी एकेचाळीस जणांनी पाच ओळी पाठवल्यात. एका वेल्डरने लिहिलंय की वेल्डिंग चांगलं जमलं तर आवाज कांदा परतल्यासारखा येतो. सोपानरावांनी ते तीनदा वाचून घेतलं. म्हणाले, "ह्याला म्हनत्यात लिव्हणं."

शास्त्रीय परिभाषा शून्य. पण सोपानराव आता थकलेत.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ

अंजलीची आई गेली. तिने ग्रुपवर कळवलं. मी लगेच मंडळातर्फे शोकसंदेश टाकला, आठ ओळी, खाली नाव आणि पद. दुपारपर्यंत माझ्या संदेशाला तेवीस नमस्कार. तिच्या संदेशाला एकोणीस.

मला पाहायचं नव्हतं, दिसलं.

५ मार्च, बुधवार

ऑफिस सुटल्यावर पिंपरीला अंजलीकडे भेटायला गेलो. पुढच्या अंकाची प्रुफं बॅगेत होती. विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. वीस मिनिटं काढला नाही.

खोलीच्या कोपऱ्यात विज्ञानपत्रांचा गठ्ठा दिसला आणि सभासदांच्या पत्त्यांची लेबलं. चौकशी केली. अंजली म्हणाली, "आईचं काम ते. नऊ वर्षं अंकाच्या घड्या तीच घालायची, लेबलं तीच लावायची. स्विचच्या कंपनीत तीस वर्षं पॅकिंगला होती ना. तिला वाचायला यायचं नाही नीट, पण म्हणायची, लेकीचं नाव आहे आत, घडी वाकडी नको." एक अंक तिने माझ्या हातात दिला. "बघा सर, एक कोपरा सरकलेला नाही."

पाहिला. खरंच नव्हता.

मला वाटत होतं घड्या प्रेसमध्ये होतात.

मग मी जो प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता तो विचारला: आता घड्या कोण घालणार? आणि प्रुफं काढली. अंजलीने हात पुढे केला नाही. म्हणाली, "ठेवा तिथे." ठेवली.

धम्मपाल तिथेच होता, पाहुण्यांना पाणी देत होता. म्हणाला, "चला सर, मी सोडतो तुम्हाला खाली." माझी चप्पलसुद्धा त्याने शोधून पुढे केली. मी अजून चहा घेतला नव्हता. पण त्याचा आदर पाहून बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

अंजलीच्या आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, त्यांच्या वस्तीतल्या विहारात. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी मरून कुर्ता घातला होता, उठून दिसलो. वंदना झाली, भंतेजी बोलले, नातेवाइकांनी दोन दोन शब्द सांगितले. यादीत माझं नाव नव्हतं, नजरचूक. खूण करून माइक घेतला.

मला आतून काहीतरी मोठं द्यावंसं वाटत होतं. जागच्या जागी घोषणा केली: मंडळातर्फे दरवर्षी 'कैलासवासी प्रतिभाबाई स्मृती विज्ञानलेखन पुरस्कार'!

मागून कुणीतरी म्हणालं, "प्रभावती."

मी म्हटलं, तेच ते.

पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत साहेब. कालकथित म्हणतात." मी म्हटलं, भावना महत्त्वाच्या. मग आणखी पंधरा मिनिटं बोललो, मुख्यतः पुरस्काराच्या नियमावलीबद्दल.

सोपानराव काठी टेकत आले होते. मी बोलत असेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. फार हलले असणार.

विजयश्री परतीच्या वाटेवर रिक्षात म्हणाली की ती पुन्हा कधी माझ्याबरोबर कुठे येणार नाही. तिला ऊन बाधतं.

१७ मार्च, सोमवार

अंजलीचा राजीनामा. दोन ओळी. 'सचिवपद सोडत आहे. कारण देत नाही.' सोबत कपाटाची किल्ली, शिक्का, सभासदांची यादी आणि सूचनांची चार पानं.

कारण नसताना राजीनामा! याला म्हणतात बेजबाबदारपणा. पण मी संधी म्हणून पाहतो. नवं रक्त येईल.

नव्या रक्तासाठी सहा फोन केले. एकाला मोतीबिंदू, एकीची बदली, एकाची मुलगी दहावीला (गेल्या वर्षीही दहावीला होती), दोघांनी 'कळवतो' म्हटलं, सहाव्याने विचारलं की अंजलीने का सोडलं. म्हटलं, कारण नाही. तो म्हणाला, "बरं," आणि ठेवला.

हंगामी सचिव: मी स्वतः. चार पानांत असं काय मोठं असणार.

६ एप्रिल, रविवार

मासिक बैठक. वाचनालयाच्या जिन्यावरच पेटी-टाळांचा आवाज. वरच्या हॉलमध्ये रामनवमीचं कीर्तन, बायाबापड्यांनी हॉल भरलेला. मी व्यवस्थापकांना जाब विचारला. ते म्हणाले, हॉल दर महिन्याला नव्याने घ्यावा लागतो, या महिन्यात कुणी आलंच नाही.

ही अत्यंत महत्त्वाची माहिती अंजलीने हस्तांतर करताना दिली नव्हती. (दिली होती. पान दोन, पहिली ओळ. पण अधोरेखित नव्हती.)

बैठक जिन्यात घेतली. हजर चार. मी, दोन निवृत्त सभासद आणि एक गृहस्थ, जे कीर्तनाला आले होते आणि जागा नव्हती म्हणून खाली बसले होते. त्यांनी चांगलं ऐकून घेतलं. बैठकीचा कागद घरी राहिला होता, त्यामुळे विषय आठवतील तसे घेतले. शेवटी सर्वांना सुंठवडा मिळाला.

निवृत्तांपैकी एक म्हणाले, बाकीचे सगळे आज चाकणला गेलेत. धम्मपालच्या घराच्या गच्चीवर दर रविवारी पंधरा-वीस कामगार लिहायला बसतात, आता आपलेही जातात. अंजली त्यांचं वाचून त्यातलं शास्त्र तपासून देते.

म्हणजे माझ्या कार्यशाळेचं फळ. समाधान वाटलं. मला कुणी बोलावलं नाही, कारण गच्चीला जिना अवघड असेल आणि माझा गुडघा सर्वांना माहीत आहे.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ९.४०

चहा गार होतोय, तरी आधी लिहितो.

धम्मपालचा फोन! "सर, सत्तावीसच्या वार्षिक सभेत अध्यक्ष तुम्ही व्हा. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. दुसरा कोणी अर्ज भरणार नाही."

विचारलं, अंजलीसुद्धा?

"ताईच तुमचं नाव सुचवणार आहे. मी अनुमोदन देतो."

मी माफ केलं. दोघांनाही. तिथल्या तिथे, फोनवरच. तो म्हणाला, "बरं सर."

विजयश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "नक्की का?" तीनदा म्हणाली. मग म्हणाली, "अरे, जरा विचार तरी कर." यशस्वी माणसाच्या घरच्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो.

२० एप्रिल, रविवार

सोपानरावांचे आशीर्वाद घ्यायला गावठाणात गेलो. हात फार कापतात आता त्यांचे, कप दोन्ही हातांनी धरतात. कौशल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा दिला. भरपूर साखरेचा. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

आशीर्वाद सोडून त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एक: "तुझी सही एकसारखी येती ना रे? सरकारी कागदाला एकसारखी लागती." म्हटलं, ऑफिसात पर्चेस खात्यात एकोणतीस वर्षं सह्याच करतोय.

दोन: "तुला वाईट न्हाई ना वाटायचं?"

म्हटलं, जबाबदारीचं कसलं वाईट! कौशल्याबाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. "अवो, सांगा की त्यांना," असं काहीतरी म्हणाल्या. सोपानराव म्हणाले, "तू आत जा." त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. वारसा सोपवण्याचा क्षण कुणालाही जड जातो.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ७.३०

अध्यक्षीय भाषण, चौदा पानं, तयार. खादीचं नवं जॅकेट. उकडतंय, पण फोटोत दिसत नाही. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा पान नऊपासून. अंजलीला पुन्हा सचिव करणार, ही घोषणा पान अकरावर, सरप्राइज.

२७ एप्रिल. दुपारी ३.००

झालं तसं लिहितो.

हॉल गच्च. तेहेतीस सभासद, शिवाय भिंतीला लागून उभे चाकणचे कामगार. अंजली पांढऱ्या साडीत टेबलाशी, इतिवृत्ताची वही घेऊन; या सभेपुरतं काम सोपानरावांनी तिलाच सांगितलं होतं म्हणे. ११.०५ ला विषय क्रमांक दोन, अध्यक्षांची निवड. सूचक अंजली, अनुमोदक धम्मपाल. एकमताने. टाळ्या झाल्या. मोजक्या, पण झाल्या. सोपानराव उठले, मी त्यांच्या खुर्चीत बसलो.

मी पानं काढली. अंजली म्हणाली, "सर, भाषण विषय पाचला आहे. आधी तीन."

विषय तीन तिनेच वाचला. पवनाकाठ विज्ञानलेखक मंडळ विसर्जित करणे.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. विषयपत्रिकेत मी फक्त विषय दोन वाचला होता. धम्मपालने उभं राहून सांगितलं. राज्यातल्या एका मोठ्या विज्ञानलेखक संघटनेने चाकणला शाखा द्यायचं कबूल केलंय. कामगारांचं लिखाण ते दर महिन्याला छापणार. अट एकच, जुनं मंडळ रीतसर बंद हवं. कागद तयार आहेत. अर्जावर अध्यक्षांची सही लागते.

हात वर करा म्हटलं. सगळे वर. जिन्यातल्या बैठकीला आलेले दोघेही. मी म्हटलं, माझा विरोध आहे. अंजलीने मान खाली घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं: "विरोध एक. अध्यक्ष."

मी सोपानरावांकडे वळलो. म्हटलं, अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत अध्यक्ष तुम्ही होता. तुम्हीच का नाही सही केलीत?

ते पहिल्या रांगेत बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. म्हणाले, "दिग्विजय, अठ्ठावीस वर्षांमागं मी ह्ये मंडळ काढलं. माझ्या हातानं बंद करवंना. अंजलीला म्हनलं तू हो अध्यक्ष आन् कर सही, ती रडाया लागली. धम्मपाल न्हाई म्हनला. कुनाच्याच हातानं व्हईना. मग म्हनलं, तुझ्या हातानं व्हईल. तुझं ह्यात काय गुंतल्यालं न्हाई."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

म्हटलं, मी सही केली नाही तर?

अंजली म्हणाली, "तर नाही होणार सर. तुमच्या हातात आहे." आवाजात राग नव्हता. पहिल्यांदाच तिने माझ्याकडून काहीतरी मागितलं होतं.

धम्मपालने कागद पुढे सरकवला, बोटाने जागा दाखवली. "इथे सर."

तिथे माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आणि त्याखाली 'अध्यक्ष'. छापील. असं छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. थोडा वेळ पाहिलं.

सही केली. ११.३८. एकसारखी आली, चारही प्रतींवर.

विषय पाच आला नाही. मंडळच नव्हतं. लोक उठून चहाकडे गेले, कामगार कुणाचं तरी नवं लिखाण मोठ्याने वाचत होते. मी खुर्चीत बसून होतो. वाचनालयाचा माणूस आला आणि म्हणाला, साहेब, ही खुर्ची खालच्या ऑफिसची आहे.

३० एप्रिल, बुधवार. दुपारी ४.२०

नव्या शाखेच्या सभासदत्वाचा फॉर्म आणला. आज शेवटचा दिवस. नाव, पत्ता, जन्मतारीख भरली. रकाना सहा: 'मागील पाच वर्षांत लिहिलेले स्वतःचे दोन विज्ञानविषयक लेख जोडावेत.'

रजा टाकली. सकाळपासून पाच वर्षांचे सगळे अंक काढून बसलो. प्रत्येक अंकात माझं नाव आहे. उपाध्यक्षांचे मनोगत, सतरा. स्वागतपर निवेदन, चार. श्रद्धांजली, सहा.

विजयश्री कपडे वाळत घालून आली. उघडे अंक पाहिले, फॉर्म वाचला. मला वाटलं टोमणा मारेल. मारला नाही. म्हणाली, "मग आज लिही ना. दोन कशाला, एक लिही. मी देऊन येते."

बसलो. कोरा कागद घेतला, पेन घेतलं. दोन तास झाले. ज्याबद्दल मला काही माहीत आहे असा विषय शोधतोय.

फॉर्मच्या तळाशी चौकशीसाठी नाव आणि नंबर आहे. अंजली. मुदत दोन दिवस वाढवून मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. चार वेळा केला, तिचा फोन लागत नाही.

लागतो. ती उचलत नाही.